फोनच्या पोटातला नंबर

मंगळवार, १६ जानेवारी

तीन घंट्या आल्या! संध्याकाळची मगरिबची नमाज आटोपून मसूर निवडत होते, तर हे तळमजल्यावरच्या मच्छीमार संस्थेच्या फोनवरून उठून जिन्यातूनच हाका मारत आले, "उम्म रिझ्क, तीन आल्या, तीन!" एरवी ह्यांना जिना चढताना मध्ये टेकावं लागतं. आज एका दमात आले.

हिवाळ्यातलं फैदाचं वादळ उठल्यापासून 'नूर अल-फज्र'चा पत्ता नव्हता. बोटीवर आठ माणसं, त्यातला एक आमचा मुलगा रिझ्क. बाकी सगळ्या बोटी नदीच्या मुखाशी येऊन लागल्या. पूर्वेला गेलेल्या दोघींची सकाळीच एकेक घंटी येऊन गेली. राहिली होती ती हीच. म्हणजे तीन घंट्या ह्या बोटीच्याच, दुसऱ्या कुणाच्या असणार?

एक म्हणजे जिवंत आहोत. दोन म्हणजे परत निघालो. ह्या रोजच्याच. तीन म्हणजे परक्या बंदराला लागलो, सुखरूप आहोत. ही इतकी क्वचित की ह्यांना आधी उमगेचना. फोन उचलायचा नाही ही संस्थेची पहिल्यापासूनची रीत. उचलला की पलीकडच्याचे पैसे पडतात, आणि समुद्रावरच्या माणसाच्या हातातला फोन नेहमी उसना.

नंबर कुठला दिसला म्हणून विचारलं. ह्यांचा चष्मा वर माझ्या शिवणाच्या डब्यावर राहिलेला! म्हणाले, परदेशीच असणार, फोनच्या पोटात आहे, सकाळी बघू. त्या बोटीच्या तांडेलाची, जुमआची बायको कौसर धावत आली. तिनं गॅलरीत उभं राहून अशी ललकारी दिली की सगळी गल्ली बाहेर आली. म्हणाली, "माझा म्हातारा कुठला मरतोय! माझ्याशी भांडण अर्धं सोडून गेलाय तो."

सगळ्यांना शरबत केलं. साखर पाव किलो जास्त गेली. हिशेबात मांडून ठेवली, पण आज तिचं काही वाटलं नाही.

बुधवार, १७ जानेवारी

सकाळपासून वीज नाही. खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या तरी वारा आत येतोच. दुपार उतरताना, अस्रच्या सुमाराला वीज आली ती कशी — दिवा एकदम पांढराफटक पेटला आणि फुटला! खालून जळका वास. संस्थेचं ऑफिस आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. धावत गेले तर हे टेबलाशी उभे, हातात फोनचा अ‍ॅडॉप्टर. त्याचं पोट फुगून फाटलेलं. फोनच्या मागच्या जाळीतून धुराची रेघ निघत होती. नंबर दाखवणारी खिडकी काळी.

कपाटातला जुना साधा फोन काढून तारेला जोडला. त्याला खिडकी नाही, काही नाही. नुसता वाजतो. मी म्हटलं, वाजतोय ना, झालं तर मग.

मोठा फोन पंचाच्या घडीत गुंडाळून वर आणून ठेवलाय. लहान मूल आजारी पडल्यासारखा दिसतो.

गुरुवार, १८ जानेवारी

उपास धरला आहे.

दुपारी जुहरनंतर साध्या फोनवर एक घंटी आली. हे म्हणाले पूर्वेकडची कुठली तरी बोट असेल. नंबर दिसत नाही, त्यामुळे कुठली ते कळत नाही.

संध्याकाळी बंदर-कचेरीतून निरोप. आजूबाजूच्या देशांच्या बंदरांना विचारलं, 'नूर अल-फज्र' कुठेही लागलेली नाही.

हे खुर्चीत बसले ते उठेनातच. कौसर आली. दारातूनच म्हणाली, "अबू रिझ्क, मग तो फोन आला कुठून? नंबर दाखवा मला."

ह्यांनी पंचात गुंडाळलेला फोन दाखवला.

ती वळली. जाताना मला म्हणाली, "तुझ्या शरबतात साखर जास्त होती गं." आणि गेली. तिच्या बोलण्यात राग असता तर बरं वाटलं असतं.

आता सगळं त्या एका नंबरावर आलंय. तो मिळाला तर परत फोन लावता येईल. कुठल्या बंदराचा, कुणाचा, पोरं कुठे ठेवलीत. हे टेलिफोन कचेरीत जाऊन आले. तिथे म्हणे सरकारी वकिलाचं पत्र लागतं, आणि वकील रविवारनंतर.

या रब्बी, तुला पत्र लागत नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

जुम्म्याच्या नमाजनंतर हे फोन घेऊन बाजारात गेले. मीही मागे गेले, राहवेना. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यानं फोन उलटा केला, हुंगला, म्हणाला, जाळून घेतलात की हो, नवा घ्या. ह्यांनी सांगितलं की आतला नंबर हवाय. तो म्हणाला बघू, आणि नखानं मागचं झाकण सरकवून सेल काढायला लागला.

मी त्याच्या हातातून फोन हिसकावला! भर बाजारात, परक्या माणसाच्या हातातून. हे बघतच राहिले.

ते सेल मी घातलेत म्हणून मला ठाऊक. वीज जाते तेव्हा फोनमधली नंबरांची यादी पुसू नये म्हणून ते आत असतात. खोक्यावर चित्रासकट लिहिलेलं होतं. सेल निघाले की यादी गेली. फोन जळून मेला तरी ते तीन सेल अजून ती यादी धरून बसलेत. निदान बसले असावेत.

पण ते नवे नाहीत. गेल्या रमजानात माझ्या स्वयंपाकघरातल्या रेडिओत त्यांच्यावर आवाज खरखरायला लागला तेव्हा तिथून काढून इथे घातले होते. फेकायचे कशाला म्हणून. आता किती शिल्लक असेल त्यांच्यात?

दुपारी परत एक घंटी. एकच.

गावात हे काम करू शकेल असा एकच माणूस आहे. इंजिनिअर फिक्री. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. आणि त्यांच्याच दारात मला जायचं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीसाठी, रबाबसाठी मी आणि हे मागणी घेऊन गेलो होतो, रिझ्क इस्त्रीचा शर्ट घालून मध्ये बसलेला. फिक्रीसाहेबांनी आमची बासबूसा, रव्याची मिठाई, हातात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी माझी मुलगी विधवा करायला वाढवलेली नाही." ताट तसंच परत आणलं. रिझ्कनं रात्री जेवण केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर गेला.

रात्री इशाच्या नमाजनंतर खूप वेळ सज्द्यात राहिले. उद्या जाते.

शनिवार, २० जानेवारी

गेले. हे दारापर्यंत आले आणि खालीच थांबले. म्हणाले, तूच जा, मला बघून त्यांना आपलं पहिलं येणं आठवेल. जणू मला बघून आठवणार नव्हतं!

फिक्रीसाहेबांनीच दार उघडलं. अंगावर लोकरीची शाल, कपाळावर चष्मा. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाले, "काय आणलंत ह्या वेळी? पुन्हा मिठाई?"

मी म्हटलं, "नाही साहेब. जळका फोन."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाले.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून फोन ठेवला. मी तेवढ्या वेळात सगळं सांगून टाकलं, तीन घंट्या, बंदर-कचेरी, सेल. रबाब चहाचं तबक घेऊन आली होती, ती तबक हातात धरून ऐकत तशीच उभी राहिली. मुलगी वाळलीय. डोळे सुजलेले. मला वाटलं सर्दी असेल.

मागचे स्क्रू काढून त्यांनी फोन असा उघडला की सेलांचा कप्पा जागचा हलला नाही. आत एवढीशी हिरवी पाटी. जिथे अ‍ॅडॉप्टरची पिन घुसते तिथून जवळच एक काळा चौकोनी तुकडा, पोट फुटलेला, भोवती काजळी. चिमट्यानं दाखवलं. "हा रेग्युलेटर. वीज आत आली की पहिली ह्याच्या हातात जाते, हा तिला आवरून पुढे सोडतो. बुधवारी जास्त आली ती ह्यानं अंगावर घेतली. पुढच्यांना वाचवलं असेल. नसेलही."

"आणि नंबर?"

"नंबर ह्या चिपमध्ये. तिला हे सेल जगवतायत. कुठले सेल हे?"

मी सांगितलं, रेडिओतले. अर्धे वापरलेले.

त्यांनी मीटरच्या दोन सुया सेलांना लावल्या, काटा बघितला, मग माझ्याकडे. "उम्म रिझ्क, आजची रात्र काढतील असं मी म्हणणार नाही."

म्हणाले, हे काढून नवे घालायचे नाहीत, घातले तर मधल्या क्षणात सगळं पुसेल. हे आत असतानाच नवे बाहेरून तारेनं जोडायचे आणि मग जुने सोडवायचे. भिंतीवरच्या घड्याळातले आणि रिमोटमधले सेल निघाले. त्यांचा स्वतःचा हात थरथरतो, वय झालंय, म्हणून दोन्ही तारांची टोकं कप्प्याच्या पत्र्यावर दाबून धरायला त्यांनी रबाबला बसवलं. "कथलाचा डाग लागेपर्यंत हलायचं नाही. हललीस तर नंबर गेला, कळलं?"

ती म्हणाली, "गेला तर काय होईल बाबा?"

फिक्रीसाहेब चिडले. "काय होईल? ह्या बाईचा मुलगा कुठेय ते कळणार नाही. धर."

तिनं धरलं. राळेचा धूर तिच्या तोंडावर जात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मी माझ्या पदरानं पुसलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना ही इतकी का कळवळतेय. पण हात दगडासारखे स्थिर. दोन्ही डाग बसले. जुने सेल निघाले. मीटरचा काटा तिथेच राहिला.



आता रेग्युलेटर हवाय. त्याशिवाय खिडकी पेटणार नाही. दुमयात शहरात मिळेल, पण रस्ता पाण्याखाली आणि दुकानं बंद. फोन तिथेच ठेवून आले. निघताना फिक्रीसाहेब म्हणाले, चहा गार झाला, पिऊन जा. उपास नव्हता. प्याले.

घरी आल्यावर हे म्हणाले, दुपारची एक घंटी आजही आली. मी म्हटलं, असू दे.

रविवार, २१ जानेवारी

गच्चीवर चढले. वारा माणूस उडवेल असा. आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीला हे भंगारखाना म्हणतात. मी काही टाकत नाही. सासूबाईंचा बंद पडलेला टीव्हीच्या डिशचा डबा तिथे होता, कबुतरांनी घाण केलेला. पुसून पिशवीत घातला. फिक्रीसाहेबांनी बघितलं आणि नाक मुरडलं. "हे तुम्ही एवढी वर्षं कशासाठी ठेवलंत?"

मी म्हटलं, माहीत नाही, अल्लालाच माहीत.

उघडला. आत तसलाच काळा तुकडा, तीन पायांचा. त्यावरचे आकडे त्यांनी भिंगातून दोनदा वाचले. मग पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. "हाच. देवाशप्पथ, हाच."

आज वीज नाही, डागणी तापणार नाही. उद्या.

संध्याकाळी रबाब आमच्याकडे आली होती! एकटी. म्हणाली बाबांनी जुन्या डब्याची पिशवी परत दिलीय. एवढ्या पावसात पिशवी द्यायला? मी तिला मसुराचं कढण दिलं. दोन घोट घेतले आणि म्हणाली, "खाला, तो नंबर दिसलाच नाही तर? तीन घंट्यांवर नुसता विश्वास ठेवून चालणार नाही का?"

मी म्हटलं, विश्वास आहेच गं, पण पत्ता लागेल ना.

तिनं काही तरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात हे आले. ती उठून गेली. पिशवी इथेच विसरली, जी द्यायला आली होती ती!

सोमवार, २२ जानेवारी

हात चालत नाही, तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी वीज आली. मी आणि हे दोघंही गेलो. फिक्रीसाहेबांनी ह्यांचा हात हातात घेतला, गेल्या वर्षीचं कुणी काढलं नाही. फुटलेला तुकडा त्यांनी सोडवला, काजळी घासली, नवा — म्हणजे आमच्या सासूबाईंचा — बसवला. तीन डाग. आपला एक अ‍ॅडॉप्टर आणला, तो दोनदा मीटरवर तपासला. मला म्हणाले, बिस्मिल्ला म्हणा. मी म्हटलं.

खिडकी पेटली. आधी नुसत्या रेघा. मग तारीख. मग कळ दाबत दाबत ते मागे गेले. बुधवारचं काही नाही. मंगळवार, मगरिबनंतर. एक नंबर.

मला लांबूनही दिसलं की तो लांब नाही. परदेशी नंबर खिडकीत मावत नाही, सरकतो. हा मावला होता.

फिक्रीसाहेब वाचत होते आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हे विचारत होते, काय आहे साहेब, कुठला आहे. मग त्यांनी टेबलाच्या टोकाशी असलेल्या त्यांच्याच फोनकडे बघितलं.

"हा ह्या घरचा नंबर आहे," म्हणाले.

रबाब दारात उभी होती. तिला बोलावावं लागलं नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि सगळं सांगितलं. मागणी मोडली तरी त्या दोघांचं बोलणं मोडलं नव्हतं. रिझ्क बोटीवरून आला की संध्याकाळी वडील नमाजला गेलेले असताना ऑफिसात फोनपाशी बसायचा, तेव्हा तिनं तीन घंट्या द्यायच्या, मग तो कोपऱ्यावर यायचा. तीन का, तर एक आणि दोन बोटींच्या असतात, तीन कधी कुणाच्या येत नाहीत! मंगळवारी बोट परतायची होती. वादळात तिला घरात बसवेना. निदान आला असेल तर कोपऱ्यावर येईल, म्हणून फिरवला. तो आला नाही. तिनं गॅलरीत उभं राहून वाट बघितली. तेवढ्यात आमच्या गल्लीतून कौसरची ललकारी तिला ऐकू गेली, तिला वाटलं बोट आली. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की ललकारी कशाची होती.

"मी सांगणार होते," म्हणाली. "पण सगळ्या इतक्या हसत होत्या, खाला."

म्हणजे बोटीकडून काहीच आलं नव्हतं. मंगळवारीही नाही, त्याच्या आधीही नाही.

मला वाटलं होतं मी ओरडेन. नाही ओरडले. माझ्या डोळ्यांसमोर एकच — शनिवारी ती तार तिच्या बोटांखाली होती. नुसता हात हलवला असता तर नंबर पुसला गेला असता आणि तिचं कधीच कुणाला कळलं नसतं. ती हलली नाही. हे मी तिच्या बापाला सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही ठाऊक नाही. ते एकेक स्क्रू परत बसवत होते. शेवटचा बसवून म्हणाले, "दुरुस्त झालाय. घेऊन जा."

हे वाटेत नदीच्या कठड्याला धरून उभे राहिले. आठ घरांना आता काय सांगू, एवढंच म्हणत होते.

मंगळवार, २३ जानेवारी

सांगितलं. ऑफिसात सगळ्यांना बोलावलं, हे सांगायला उभे राहिले. तेव्हा मागून फिक्रीसाहेब पुढे आले. ते येतील असं वाटलं नव्हतं. म्हणाले, तो फोन माझ्या घरातून झाला, अबू रिझ्कची चूक नाही, जे बोलायचं ते मला बोला.

कुणी रडलं, कुणी भिंतीला टेकलं. सगळ्यांची नजर कौसरकडे, ती काय करते. ती उठली, फिक्रीसाहेबांसमोर गेली. मला वाटलं आता ही त्यांची शाल ओढते. म्हणाली, "तुमच्या पोरीनं मला एक रात्र झोप दिली. त्याच्या आधी नव्हती, नंतरही नाही. तिला काही बोलू नका."

मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही लोक! घंट्या मोजता. एक दिवस कुणी फोन उचलला असता तर पोरीचा आवाज ऐकू आला असता, हे सगळं झालंच नसतं."

संस्थेच्या इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं की उचलावा.

मोठा फोन टेबलावर परत लावला. साधा काढला. हे कौसरबरोबर उद्या बंदर-कचेरीत जाऊन बसणार आहेत. मी म्हटलं, ऑफिसात मी बसते. आणि मी उचलणार आहे, कुणाचाही असो. पूर्वेकडच्या बोटींना राग आला तर येऊ दे, पैसे मागितले तर घरखर्चातून देईन. ह्यांनी ऑफिसची किल्ली माझ्या हातात दिली.

आज सगळे ऑफिसात होते, गोंगाटात दुपारची घंटी आली की नाही कुणाला ठाऊक. हे म्हणाले, पूर्वेकडच्या दोन्ही बोटी तर काल संध्याकाळीच धक्क्याला लागल्या.

हे लिहिलं आणि आता वाचतेय. मग शनिवारपर्यंत त्यांची घंटी ठीक. पण कालची? काल दुपारी आम्ही दोघंही फिक्रीसाहेबांकडे होतो, समोरचा चहावाला म्हणत होता फोन एकदा वाजला. काल दुपारी त्या बोटी नदीच्या मुखात होत्या, घंटी कशाला देतील?

नको. पुन्हा आशा लावून घ्यायची नाही.

बुधवार, २४ जानेवारी

जुहर ऑफिसातच पढले, मुसल्ला फोनच्या टेबलाशी घातला. सलाम फिरवला आणि घंटी वाजली. खिडकीकडे बघितलंही नाही. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत उचलला.

पलीकडे वारा, आणि कुणी तरी दचकलेलं. मग, "कोण? आई? अगं उचललास कशाला! रोज दुपारी एक देतोय ना, बाबांना नंबर दिसत नाही का? आम्ही आठही जण आहोत, बेटावर आहोत, इंजिन गेलं. ठेव, ठेव लवकर, पहारेकऱ्याचा फोन आहे, त्याचे पैसे पडतात!"

मी म्हटलं, "पडू देत."